स्ट्राउडसाहेबांची चार मिनिटं

“शालनताई, साहेबाला भाकरी चालंल का सांगलीसनं पाव मागवू?”

भूपाल मगदूम माझ्या दारातूनच विचारत होता. त्या आठवड्यातला हा त्याचा अकरावा प्रश्न असेल. साहेबाला हार घालायचा का गुच्छ द्यायचा, साहेबाच्या खुर्चीवर उशी ठेवायची का, साहेब पाणी उकळून पितो का गाळून. मी भाजी फोडणीला टाकत होते.

“भूपाल, अरे तो सिनेमाला येतोय, बाळंतपणाला नाही. भाकरी कर. नाही खाल्ली तर तू खा.”

“तसं न्हवं ताई. अमेरिकेचा मानूस. उद्या उपाशी गेला तर गावाची अब्रू जाईल.”

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा इचलकरंजीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. भूपाल सुताच्या दुकानात नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात, म्हणजे खरं तर सगळ्याच वेळात, विणकर चित्रपट मंडळाचा सेक्रेटरी होता. मंडळ म्हणजे मागावर काम करणारे कामगार, मागांची दुरुस्ती करणारे जॉबर आणि थोडे कारखानदार. माग बंद असतील त्या दिवशी सकाळी नऊ वाजता हॉलच्या खिडक्यांना घोंगडी लावून अंधार करायचा आणि देशोदेशीचे सिनेमे बघायचे. सोळा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यातून हे खूळ निघालं आणि गावाच्या अंगवळणी पडलं ते पडलंच.

आता इंग्रजी सिनेमा कामगारांना कळणार कसा? त्यावर मंडळानं तोड काढली होती, तिचं नाव रावजीमामा म्हेत्रे. मामा जॉबर. तरुणपणी पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपात सहा वर्षं काढलेली. तिथे ते इंग्रजी ऐकायला शिकले, बोलायला कधी शिकले नाहीत. पडद्याच्या कडेला स्टुलावर बसून, हातात माईक धरून, ते सिनेमा चालू असताना मराठीत सांगत जायचे. गोरा हवालदार त्यांच्या तोंडून गडहिंग्लजच्या फौजदारासारखा बोलायचा आणि गोरी मडम त्यांच्या थोरल्या वहिनीसारखी. लोक खूश असायचे.

आणि ज्याच्यासाठी भाकरी-पावाची चर्चा चालली होती ते म्हणजे वेंडेल स्ट्राउड. एका लाकूडकापी गावातून पळून जाऊन सिनेमात गेलेला माणूस. चाळीस वर्षांत अकरा सिनेमे, त्यातले बरेचसे पडलेले, चार जगानं डोक्यावर घेतलेले. त्या चारांतला एक आमच्या मंडळाचा जीव की प्राण. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून पेंटरनं पहिल्याच वर्षी बोर्डावर ‘तरीवाला’ असं लिहिलं आणि तेच चालू राहिलं. दर वर्षी वर्धापनदिनाला ‘तरीवाला’ लागायचाच.

गोष्ट साधी. नदीवर नाव चालवणारा एक बाप. पोरगी त्याला न आवडणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते. बाप तिचं नाव टाकतो. काही वर्षांनी एका सकाळी पलीकडच्या काठावरून नावेसाठी घंटा वाजते. तिकडे पोरगी उभी, कडेवर मूल. बाप नाव घेऊन जातो, कुठल्याही उतारूला आणावं तसं तिला आणतो, दोघं घराच्या दारापर्यंत चालत येतात. दार उघडं असतं. तिथे सिनेमा संपतो.

मुंबईच्या महोत्सवाला साहेब पाहुणे म्हणून आले होते, आणि त्यांनी स्वतःहून कळवलं होतं की मला इचलकरंजी नावाच्या गावाला जायचंय. आमच्या गावाचं नाव त्यांना कुठून कळलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. भूपालचं म्हणणं, हा सगळा त्याच्या पत्रांचा प्रताप. कारण ‘तरीवाला’च्या शेवटच्या रिळाचा आवाज गेलेला होता. पार गेलेला, चार मिनिटं. भूपाल दर वर्षी एका वकिलाकडून इंग्रजीत तक्रारीचं पत्र टाईप करून घ्यायचा आणि वितरकाला पाठवायचा. वितरकानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

“आता मालकच येतोय,” भूपाल म्हणाला. “तोंडावरच सांगू. हे घ्या ताई, महोत्सवाची पुस्तिका. तुमाला भाषणाला उपयोगी पडंल.”

दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. मी त्या हॉलात तोवर पाऊल टाकलं नव्हतं. बायका जात नव्हत्या असं नव्हे. पण आमचे आबा तिथे दर वर्धापनदिनाला जायचे, आणि आबा बसलेत तिथे मी जाऊन बसावं असं आमचं नातं नव्हतं. नातं नव्हतं म्हणजे भांडण नव्हतं. भांडण होऊन गेलं होतं. मी एकोणसत्तर साली मिरजेच्या दवाखान्यात काम करणाऱ्या शमुवेल रणभिसेशी लग्न केलं. आम्हा होगाड्यांची पोरगी ख्रिस्ती माणसाच्या घरात. आबांनी चार वर्षं माझं नाव घेतलं नाही. मग एक दिवस आले आणि आम्हाला गावी घेऊन आले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईनं डोकं खाल्लं असणार, असं मी धरून चालले होते. तेव्हापासून आम्ही बोलायचो ते तांदूळ, गॅस आणि पोरांची शाळा याबद्दल. आबांना चोवीस मागांवर ओरडायची सवय, मऊ बोलणं त्यांच्या घशाखालूनच वर यायचं नाही.

भूपाल गेला आणि मी पुस्तिका उघडली. दुसऱ्या पानावर मी थबकले. भाजी करपली, तिचा वास आला तरी मला उठवेना.

शेवटच्या रिळाचा आवाज गेलेला नव्हता. तिथे आवाज ठेवलेलाच नव्हता.

कंपनीचं म्हणणं होतं की शेवटी बापानं पोरीला काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर लोक रागावून उठतील. स्ट्राउड म्हणाला, एक शब्द नाही. नदीचा आवाज नाही, पावलांचा नाही, काही नाही. कंपनीनं त्याच्या हातून सिनेमा काढून घेतला. तो कोर्टात गेला, जिंकला, आणि पुढची सात वर्षं त्याला कुणी काम दिलं नाही. त्याचं घर गेलं, बायको गेली. त्या चार मिनिटांना जगभरच्या पुस्तकांत नाव आहे, ‘स्ट्राउडची शांतता’. पुढे साहेब वारले तेव्हा आपल्याकडच्या पेपरातही तेवढंच एक वाक्य आलं होतं, की शांततेचा दिग्दर्शक गेला.

आणि ती शांतता आम्ही खराब माल समजून दर वर्षी तक्रार करत होतो.

मी संध्याकाळी भूपालला गाठलं. “त्या चार मिनिटांत रावजीमामा काय करतात रे?”

“करत्यात की. आवाज न्हाई म्हनून लोकांनी काय भिंतीकडं बघत बसायचं? मामा आपल्या मनानं बोलतो. बाप पोरीला घरात घेतो. लोकं रडत्यात, ताई. बाप्ये रडत्यात.”

“किती वर्षं?”

“पंधरा.”

“भूपाल, तिथे आवाज नसतोच. साहेबांनी मुद्दाम ठेवला नाही.” मी त्याला पान वाचून दाखवलं.

भूपालच्या तोंडचं पाणी पळालं. तो पायरीवर बसला. “म्हंजे आमी तेच्या पिच्चरमदी घुसून...” मग म्हणाला, “मामाला तुमीच सांगा. माझ्या जिभेनं हुनार न्हाई.”

हे बरं आहे, म्हटलं, वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. गप्प राहिले तर परवा साहेबाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आयुष्यभराच्या लढाईवर मामा माईक घेऊन चढणार. सांगितलं तर मामाची पंधरा वर्षं मातीत. रात्रभर कूस बदलली. शमुवेल म्हणाला, “जे खरं आहे ते सांग आणि झोप.” त्याचं नेहमीच असं सोपं असतं. सकाळी उठून मी मामांच्या कारखान्यात गेले.

मागांच्या खडखडाटात मामा एका मागाखाली डोकं घालून बसले होते. हात पुसत बाहेर आले. साठीचे असतील, अंगानं काटकुळे, आवाज मात्र हौदातून आल्यासारखा. मी त्यांना मागच्या बोळात नेलं आणि जे होतं ते सांगितलं. सगळं, कोर्टासकट.

“म्हंजे मशीन चांगलंच हुतं,” मामा म्हणाले. “आन् मी पंधरा वर्सं तेची दुरुस्ती करत बसलो.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, मामा.”

“जॉबरला ठाऊक पायजे. बंद पडलाय का बंद ठेवलाय, एवढं कळत न्हाई तो कसला जॉबर?” त्यांनी हातातला बोळा खिशात कोंबला. “त्या मानसानं घर घालवलं म्हनता त्यापायी?”

“घर, बायको, सात वर्षं.”

“मग झालं की. ज्याचा पिच्चर तेचा मान. उद्या तेवढ्या टायमाला मी तोंड मिटून बसतो.” ते परत मागाकडे निघाले, आणि दारात थांबून म्हणाले, “लोकांना वाईट वाटंल पर. सवय झालीय.”

मी घरी आले ती अपराध्यासारखी. काम तर बरोबर केलं होतं, पण बरोबर केल्यासारखं वाटेना.

दुसऱ्या दिवशी साडेआठला कोल्हापूरहून गाडी आली. साहेब उतरले. चौऱ्याहत्तरीचे, उंच, पाठीत वाकलेले, भुवया पांढऱ्या आणि जाड. चेहऱ्यावर हसू असं काही नाही. भूपालनं हार पण घातला आणि गुच्छ पण दिला. साहेबांनी दोन्ही शांतपणे सोसलं आणि माझ्याकडे वळून पहिलाच प्रश्न विचारला.

“मिस्टर म्हेत्रे कोण?”

मला वाटलं, याला कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसतंय, म्हणजे हा भांडायलाच आलाय. मी मामांकडे बोट दाखवलं. मामांनी धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांनी हात जोडले. साहेबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मान हलवली आणि हॉलात गेले. मामा मला हळूच म्हणाले, “बरं झालं सांगितलंसा.”

हॉल मुंगी शिरायला जागा नाही असा भरला होता. खुर्च्या पहिल्या दोनच ओळींना, बाकी सगळे सतरंजीवर. घोंगडी टाकली, अंधार झाला, मशीन घरघरलं. मी साहेबांच्या डाव्या हाताला बसले होते. मामा बोलायला लागले आणि मी साहेबांच्या कानात त्यांचं मराठी परत इंग्रजीत सांगायला लागले. म्हणजे बघा, साहेबांचंच इंग्रजी मामांच्या तोंडून मराठी होऊन माझ्या तोंडून पुन्हा त्यांच्याकडे जात होतं. वाटेत त्याचं काय काय झालं होतं म्हणून सांगू? सिनेमातला पाद्री म्हणे, देव तुझ्या वाटेवर दिवा ठेवो. मामांचा पाद्री म्हणत होता, “गड्या, जाऊ दे की, किती दिवस डोक्यात राख घालून बसनार?” साहेबांच्या घशातून एक आवाज आला. खोकला होता की हसू, मला अंधारात कळलं नाही.

दीड तास असा गेला. सिनेमा खरोखर मोठा होता. त्या बापाचा ताठा बघून माझ्या अंगावर काटा येत होता, तो का येतोय हे मी मनात आणू देत नव्हते.

मग घंटा वाजली. पलीकडच्या काठावर पोरगी. बापानं नाव सोडली. आणि आवाज गेला.

मामांनी माईक मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले.

पहिलं मिनिट लोक थांबले. नाव पाण्यातून येत होती आणि कशाचाच आवाज नव्हता. हॉलमध्ये पाचशे माणसं. मग कुजबूज सुरू झाली. “माईक गेला काय?” “मामा, आवाज.” “आरं मामाची तब्येत बरी न्हाई काय?” भूपाल दबक्या आवाजात सगळ्यांना “गप बसा, गप बसा” म्हणत होता. मी साहेबांकडे बघायचं धाडस केलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते मामांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता. मला काही समजेना. त्यांची शांतता त्यांना राखून दिली होती, मग आता आणखी काय पाहिजे होतं?

पडद्यावर बाप आणि पोरगी दारापाशी आली. पोरगी उभी राहिली. बाप वळला.

“दमलीस पोरी,” मागून कुणीतरी म्हणालं. “चल घरात.”

आवाज दाराजवळच्या कोपऱ्यातून आला होता. जाड, खरखरीत, मोठ्यानं बोलायची सवय असलेला माणूस हळू बोलायला गेला की येतो तसा. मी तो आवाज ओळखला. माझ्या आबांचा होता.

आणि ते वाक्यही माझ्या ओळखीचं होतं.

त्र्याहत्तर साली, मिरजेत आमच्या एका खोलीच्या दारात, आबा हातात पिशवी घेऊन उभे होते. मी दार उघडलं, कडेवर आठ महिन्यांची रूथ. आता हे शिव्या देणार म्हणून मी पोरीला घट्ट धरलं होतं. आबा म्हणाले होते, “दमलीस पोरी. चल घरला.” कित्येक वर्षं मला नवल वाटत आलं होतं, की ज्या माणसानं जन्मात कुणाला ‘ये, बस’ असं धड म्हटलं नाही, त्याला हे चार शब्द मिळाले कुठून.

“बाळाचं नाव काय ठिवलंस?” हॉलमध्ये पुढच्या सतरंजीवरून दुसऱ्या कुणीतरी विचारलं. ते पुढचं वाक्य होतं. सगळ्यांना पाठ होतं. आबांनी मिरजेत हेही विचारलं होतं. खरं तर त्यांना नाव माहीत होतं, आईनं केव्हाच सांगितलं होतं. तरी त्यांनी विचारलं होतं.

आता कुणालाच आवरण्यात अर्थ नव्हता. इकडून एक, तिकडून एक, बायकांच्या बाजूनं एक, अशी वाक्यं येत गेली. पोरीचं बोलणं यायची वेळ आली तसा सगळा हॉल थांबला, कारण तो पातळ आवाज काढणं मामांखेरीज कुणाला जमत नव्हतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आणि माईक न उचलता, हात तसेच मांडीवर ठेवून, साठ वर्षांच्या त्या जॉबरनं पोरीच्या आवाजात म्हटलं, “तुमी ठिवा की, आबा.”

साहेबांनी माझं मनगट धरलं होतं. केव्हा धरलं ते मला कळलं नाही.

घोंगडी काढली, उजेड आला. लोक डोळे पुसत, शेजाऱ्याला आपण रडलो नाही असं दाखवत, उठत होते. भूपाल हात जोडून साहेबांपुढे उभा राहिला. “ताई, तेला सांगा, चूक झाली. मामानं पाळलं, लोकांनी पाळलं न्हाई. माफी असावी.”

मी सांगितलं. साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. भूपालचं पत्र होतं, आठ वर्षांपूर्वीचं. वितरकानं उत्तर दिलं नव्हतं, पण पत्रं पुढे पाठवली होती. आवाजाची तक्रार, नवीन रीळ पाठवावं ही विनंती, आणि खाली वकिलाच्या इंग्रजीत एक ओळ: तोपर्यंत आमचे श्री. म्हेत्रे सदर जागा स्वतःच्या तोंडाने भरून काढीत आहेत.

“हे मी वाचलं आणि आधी खूप हसलो,” साहेब म्हणाले. “मग मला राग आला. मग झोप येईना. पोरी, मी ती जागा रिकामी का ठेवली, हे मला आयुष्यभर लोकांनी समजावून सांगितलं. त्यावर पुस्तकं लिहिली. मी कंपनीला एवढंच म्हटलं होतं, की तिथे माझा नट बोलला तर बघणाऱ्यांतल्या बापांना बोलायला जागा उरणार नाही. मला वाटलं होतं, ते बोलतील. निदान मनात. मी अनेक देशांत त्या अंधारात बसलोय. सगळे देवळात बसल्यासारखे बसतात आणि नंतर येऊन मला म्हणतात, काय शांतता आहे. मी हजारो मैल आलो ते तुमच्या मिस्टर म्हेत्रेंना ऐकायला. आणि तुम्ही त्यांना गप्प बसवलंत.”

“मी बसवलं,” मी म्हटलं. “माझी चूक.”

मी ते मामांना मराठीत सांगितलं. मामा बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे दुरुस्ती बरोबर हुती म्हनायची,” आणि चहाचं बघायला म्हणून जे बाहेर गेले ते डोळे कोरडे करूनच परत आले.

“सगळ्यात आधी बोलला तो माणूस कोण होता?” साहेबांनी विचारलं. “मागून.”

मी वळून पाहिलं. आबा दारातच होते, चप्पल शोधत होते. म्हणजे चप्पल समोरच होती, पण ते शोधत होते. मी हाक मारली. आबा आले, टोपी नीट केली आणि साहेबांपुढे उभे राहिले. दोघं एकाच वयाचे, एकाच ताठ्याचे. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“त्यांना विचार,” साहेब म्हणाले, “ते वाक्य म्हणताना ते कुणाशी बोलत होते?”

मी आबांना ते मराठीत विचारलं. आबांनी नजर खाली घातली. मला वाटलं, आता म्हणतील, कुणाशी न्हाई, आपलं सहज. पण मी विचारलं असतं तर ते तसं म्हणाले असते. विचारत होता तो परका माणूस, आणि मी मधली.

“तेला सांग,” आबा म्हणाले, “माझी पोरगी गेली तवा शिव्या माझ्याजवळ भरपूर हुत्या. चांगलं काय बोलायचं आसतं, ते आमाला कुनी शिकवल्यालं न्हाई. हितं पयल्या साली ह्यो पिच्चर बघितला आन् रागानं मधनंच उठून गेलो. दुसऱ्या साली शेवटपत्तुर बसलो. तिसऱ्या साली घरी जाऊन हिच्या आईला म्हनलं, त्यो बाप येडा हाय. चवथ्या साली मामाचं बोलनं पाठ केलं आन् मिरजेला गेलो. यश्टीत घोकत गेलो, इसरंल म्हनून. जावयाला काय म्हनायचं ते पिच्चरमदी न्हवतं, म्हनून तेला त्या दिवशी काय बोललो न्हाई. तेचं तेला वाईट वाटलं आसंल. पर मला तेवढंच येत हुतं.” ते थांबले. “आन् सांग, मी वर्साच्या वर्साला येतो ते इसरू ने म्हनून.”

साहेब माझ्याकडे बघत थांबले होते. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या जागी उभं राहायचं असतं. तो ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. माझी पोरगी गेली तेव्हा, असं मला माझ्या तोंडानं म्हणायचं होतं. मी दोनदा सुरुवात केली. माझ्याच्यानं झालं नाही.

“हे माझे वडील,” मी इंग्रजीत म्हटलं.

स्ट्राउडसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि ते हळूहळू खुर्चीतून उठून उभे राहिले.

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आगं, मी येवढं बोललो. तेचं येवढंच झालं व्हय?”

“इंग्रजीत तेवढंच होतं, आबा,” मी रडत म्हटलं.

“मग मला आधीच शिकवायची हुतीस की ती,” आबा म्हणाले. “चार वर्सं वाचली आसती.”